कमलाबाईंनी शोधलं काय?

परवा रविवारी आमच्याकडे भांडण झालं. तसं आमच्या घरात भांडणाला निमित्त लागत नाही, पण या वेळचं निमित्त जरा वेगळं होतं. भांडण झालं कमला सोहोनींवरून.

झालं असं, की भाचीला वक्तृत्व स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. भाची म्हणजे धाकट्या भावाची मुलगी, नववीत आहे. विषय होता भारतीय स्त्री-वैज्ञानिक. त्यानिमित्त सगळे गंगापूर रोडला भावाकडे जमलो होतो. मिसळीचा बेत होता आणि मटकी शिजेपर्यंत "भाषण परत म्हणून दाखव" असा आग्रह झाला. पोरीनं म्हटलंही सुरेख. आवाज खणखणीत, हातवारे बेताचे, पाठांतर चोख.

गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. १९३३ साली मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिली आलेली कमला भागवत बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटकडे अर्ज करते. वडील आणि काका दोघंही तिथूनच शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. संचालक सर सी. व्ही. रामन, मुलगी आहे म्हणून अर्ज फेटाळतात. ती थेट बंगळूरला जाऊन ठाण मांडते. मग रामन एका वर्षासाठी, अटी घालून तिला घेतात. तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये, ही त्यातलीच एक अट. वर्षभर राबून ती आपली लायकी सिद्ध करते, पुढे केंब्रिजला जाते, १९३९ साली पीएच.डी. मिळवते. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री! टाळ्या.

टाळ्या मीही वाजवल्या. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "फारच छान. पण कमलाबाईंनी शोधलं काय?"

पोरगी थांबली. भावानं खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "सायटोक्रोम सी." मी विचारलं, "ते काय असतं?" शांतता. मग भावजय म्हणाली, "ताई, आज तिला बक्षीस मिळालंय हो. आजच परीक्षा घ्यायची का?" तिचं बरोबर होतं. मी गप्प बसले, मिसळ खाल्ली, घरी आले. पण झोप लागली नाही. मग जे तिथे बोलले नाही ते इथे लिहायचं ठरवलं. भावजय हे वाचणार आहे, तेव्हा आधीच सांगते, तक्रार पोरीबद्दल नाही. तक्रार आपल्याबद्दल आहे.

दर ८ मार्चला आणि दर १८ जूनला, म्हणजे बाईंच्या वाढदिवसाला, आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर हीच गोष्ट फिरते. २०२३ साली त्यांच्या ११२व्या जयंतीला गूगलनं डूडल केलं तेव्हा तर एका दिवसात चार वेळा आली. चारही वेळा रामन होते, सत्याग्रह होता, अटी होत्या. बाई ज्या विज्ञानासाठी ठाण मांडून बसल्या, ते विज्ञान मात्र कुठेच नव्हतं. फार तर शेवटी एक ओळ, "त्यांनी सायटोक्रोम सी या एन्झाइमचा शोध लावला." आणि तीही चुकीची!

चुकीची का ते सांगते. कंटाळा आला तरी वाचा, कारण सगळा मुद्दा इथेच आहे.

आपण जेवतो, त्या अन्नातून पेशी इलेक्ट्रॉन काढून घेतात आणि एका रांगेतून पुढे सरकवतात. गणपतीच्या मांडवात माणसं उभी राहून हातोहात प्रसादाची ताटं पुढे देतात ना, तसं. रांगेच्या टोकाला ऑक्सिजन उभा असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचं पाणी होतं. या देवाणघेवाणीत जी ऊर्जा सुटते तिच्यावर आपण जगतो. आपण श्वास घेतो तो या शेवटच्या गड्यासाठी. सायटोक्रोम सी हा रांगेतला एक लहानसा हमाल, माणसात फक्त १०४ अमिनो आम्लांचा. काटेकोर बोलायचं तर तो एन्झाइम नव्हे, वाहक आहे. तो आपलं ओझं ज्याच्या हाती देतो तो सायटोक्रोम ऑक्सिडेज, हा खरा एन्झाइम. सायनाइड जाऊन बसतं ते याच ऑक्सिडेजवर. म्हणून सायनाइडनं मरणाऱ्या माणसाच्या रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो आणि पेशी मात्र गुदमरतात.

सायटोक्रोम हे नाव डेव्हिड केलिननं १९२५ साली दिलं, तेही केंब्रिजलाच. म्हणजे सायटोक्रोम सी बाईंच्या आधीपासून माहीत होतं. मग बाईंनी काय केलं? हॉपकिन्स यांच्या विभागात, आधी डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना त्यांनी वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचं दाखवलं. बटाट्यासारख्या साध्या गोष्टीवर काम करता करता. म्हणजे हिरव्या पानात, जमिनीखालच्या कंदात श्वसनाची तीच रांग उभी आहे जी आपल्या हृदयाच्या स्नायूत आहे. झाड आणि माणूस एकाच यंत्रावर चालतात, ही केवढी मोठी गोष्ट आहे! प्रबंध म्हणे चाळीस पानांचा होता. हल्ली आभारप्रदर्शनालाच तेवढी पानं लागतात :-)

आणि हा लहानसा हमाल पुढे किती मोठा निघाला पाहा. १९९६ साली शिआओडाँग वांग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सायटोक्रोम सी आपली जागा सोडून पेशीत सांडलं, की पेशीच्या आत्महत्येचा हुकूम सुटतो. पेशीनं वेळेवर मरणं फार गरजेचं असतं. कर्करोगात ते मरणं चुकवलं जातं. उलट पक्षाघातात किंवा हृदयविकाराच्या झटक्यात नको तिथे पेशी मरत सुटतात. हे श्रेय बाईंचं नाही, आणि त्यांना ते देऊही नये. पण त्या कुठल्या कामात होत्या हे कळल्याशिवाय त्यांचं मोठेपण कसं कळणार?

आता माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट. वाल.

केंब्रिजहून परतल्यावर बाई दिल्लीला लेडी हार्डिंज कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या विभागप्रमुख झाल्या, मग कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत गेल्या. १९४७ साली लग्न होऊन मुंबईला आल्या आणि तिथल्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. प्रयोगशाळेत त्यांनी काय घेतलं? कडधान्यं, भाज्या, नीरा, तांदळाचं पीठ. गरिबाच्या ताटात जे असतं ते.

आपल्या स्वादुपिंडात ट्रिप्सिन नावाचा एन्झाइम तयार होतो. तो आतड्यात उतरून प्रथिनांचे तुकडे करतो. कच्च्या कडधान्यांत मात्र याच ट्रिप्सिनला वेसण घालणारे पदार्थ असतात, त्यांना ट्रिप्सिन इनहिबिटर म्हणतात. दाण्याला आपलं बी वाचवायचं असतं, त्याची ती ढाल. पण आपल्या दृष्टीनं अर्थ असा, की ताटात प्रथिनं असूनही ती पूर्ण अंगी लागत नाहीत. १९५०च्या दशकात बाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय अन्नपदार्थांतले हे इनहिबिटर शोधायला घेतले. १९५५ साली 'नेचर'मध्ये कमलाबाई आणि के. एस. आंबे यांनी वाल आणि डबल बी यांच्यातून हे इनहिबिटर स्फटिकरूपात मिळवल्याचं प्रसिद्ध केलं. स्फटिक म्हणजे शुद्धतेची त्या काळची पावती. वालाच्या चिकट, फेसाळ अर्कातून स्फटिक काढणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळेल.

'नेचर'मध्ये वाल! आपल्या डाळिंब्यांच्या उसळीचे वाल! हे एका तरी वक्तृत्व स्पर्धेत ऐकलंय तुम्ही?

रोगाशी याचा संबंध काय, असं भाऊ विचारेल. आहे, चांगलाच आहे. स्वादुपिंड स्वतःच ट्रिप्सिन बनवतं, मग ते स्वतःलाच का पचवून टाकत नाही? त्याचं एक कारण म्हणजे त्याच्याजवळ स्वतःचा एक लहानसा ट्रिप्सिन इनहिबिटर असतो. त्याच्या जनुकाचं नाव स्पिंक-१. आपल्याकडे तरुण माणसांना, दारूचा थेंबही न घेणाऱ्यांना, स्वादुपिंडात खडे होऊन तो अवयव निकामी होतो आणि मधुमेह मागे लागतो, असा एक आजार आहे. अशा भारतीय रुग्णांत स्पिंक-१ मधला एक ठरावीक बदल पुन्हा पुन्हा आढळला आहे. रक्तातही असाच एक रक्षक असतो, अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. तो जन्मतःच कमी असेल तर फुप्फुसं विरत जातात, हे स्वीडनमध्ये १९६३ साली कळलं. कात्री धारदार हवी, पण तिला म्यानही हवी. बाई वालातली म्यान अभ्यासत होत्या. तीच भाषा आज डॉक्टर बोलतात.

आणि नीरा. राजेंद्रप्रसादांनी सुचवलं म्हणून बाईंनी नीरेचं काम हाती घेतलं. ताडाचा गोड रस, पहाटे उतरवायचा, ऊन चढलं की आंबून त्याची ताडी होते. त्यातली जीवनसत्त्वं, लोह, त्याचा गूळ केला तर त्यातलं काय टिकतं, आदिवासी भागातल्या कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना त्याचा काय उपयोग होतो, असं ते काम होतं. त्याबद्दल राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. नाशकात राहून मला हे विसरता येत नाही. पेठ, सुरगाणा आमच्याच जिल्ह्यात आहेत, आणि कुपोषण हा तिथे भाषणाचा विषय नाही.

आता माझं म्हणणं. ही सगळी गोष्ट टाकून आपण फक्त रामन यांची गोष्ट का सांगतो?

एक तर ती सोपी आहे. ती सांगायला रसायनशास्त्र लागत नाही. अन्याय, सत्याग्रह, विजय. तीन अंकी नाटक. त्यात कमलाबाईंच्या जागी कुठलीही बाई आणि रामन यांच्या जागी कुठलाही पुरुष घातला तरी चालतं. जी गोष्ट कोणालाही लागू पडते ती त्या बाईंची कसली?

दुसरं म्हणजे तिच्यात एक खलनायक आयता मिळतो. रामन यांचं वागणं चूकच होतं, बाईंना त्या अपमानाची बोच म्हातारपणापर्यंत राहिली, मी त्यावर सारवासारव करणार नाही. वर्षभरानं रामन यांनी मत बदललं, पुढे १९४० पासून अॅना मणी त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करत होत्या, हेही खरं आहे. पण १९३३ सालच्या रामन यांना बोल लावून आपण आपली सुटका करून घेतो. वाटतं, अडवणारा माणूस लांब होता, मोठा होता, आणि मेला. आपल्या घरात कुठे असं काही होतं?

आणि तिसरं, ते "पहिली"चं बिरुद. जानकी अम्मल यांना १९३१ साली मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली होती. म्हणजे "पहिली कोण" यावर वाद घालता येतो, आणि लोक घालतातही. वालातल्या स्फटिकांवर कोणी वाद घालू शकत नाही. पहिलेपणा ही शर्यत आहे, काम ही वस्तू आहे. आपण वस्तू टाकून शर्यतीचा फोटो भिंतीला लावला.

आता माझ्या घरातलं सांगते. १९८७-८८ साली मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होते. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. प्रकल्प वालावरच होता. वाल भिजवायचे, वाटायचे, अर्क काढायचा, मग केसीनवर ट्रिप्सिन सोडायचं आणि वालाच्या अर्कानं ते किती अडतं ते मोजायचं. ट्रिप्सिनची बाटली महाग, ती फ्रिजमध्ये कुलपात. यंत्र एकच, त्याला रांग, माझा नंबर लागायचा संध्याकाळी सातनंतर. मला कोणी अडवलं नाही. मार्गदर्शक भले होते. सत्याग्रह करायला काही कारणच नव्हतं.

पण घरी आल्यावर विचारायचे, "उशीर का झाला?" "बस मिळाली का?" "डबा खाल्लास का?" सगळं प्रेमानं. दोन वर्षांत कोणी एकदाही विचारलं नाही की तू तिथे करतेस काय. पुढे पीएच.डी.ला नाव घातलं, स्थळ आलं, लग्न ठरलं, आणि पीएच.डी. सोडताना ना मला वाईट वाटलं ना कोणाला. नंतर तीस वर्षं कॉलेजात शिकवलं, मजेत शिकवलं. पण आज वाटतं, जे काम घरात कोणालाच दिसत नव्हतं ते सोडलं हेही कोणाला दिसलं नाही. त्यात मीही आले. अपमान झाला असता तर कदाचित लढले असते. कुतूहलच नसेल तर लढायचं कोणाशी?

विचारलं फक्त एका माणसानं, आजीनं. चौथी शिकलेली आजी. सुट्टीत आले होते, ती वाल सोलत बसली होती. म्हणाली, "तुझ्या त्या शाळेत वालाचं काय करता गं?" मी सांगितलं. पोटात एक कात्री असते, कच्च्या वालात ती कात्री धरून ठेवणारं काहीतरी असतं, शिजवलं की ते बहुतेक निकामी होतं. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणून भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे, आणि मग नीट शिजवायचे. आम्हाला वाटायचं वाल वातूळ म्हणून." आणि मग तिनं जो प्रश्न विचारला तो माझ्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनीही विचारला नाही, "मग जनावरांना आपण कच्चंच घालतो, त्यांचं काय?" मला उत्तर आलं नाही. वाचनालयात जाऊन शोधावं लागलं. (गाईच्या चार कप्प्यांच्या पोटातले जंतू बरंचसं काम आधीच उरकतात, आजी. तेव्हा सांगायचं राहून गेलं.)

म्हणून मंडळी, "लहान मुलांना कुठे ते एन्झाइम कळणार" हे मला सांगू नका. चौथी शिकलेल्या बाईला कळलं. आणि "या गोष्टीनं मुलींना प्रेरणा मिळते" हेही मान्य, पण प्रेरणा कशाची? लढायची. लढून आत गेल्यावर टेबलावर काय ठेवलंय हे तिला कोण सांगणार? दार उघडण्याची गोष्ट आपण इतक्यांदा सांगितली, की खोलीत काय आहे हे सांगायचंच विसरलो.

याचा तोटा कमलाबाईंना नाही. त्या १९९८ साली गेल्या, त्याही दिल्लीत वैद्यकीय संशोधन परिषदेनं केलेल्या सत्काराच्या वेळी कोसळून. तोवर त्यांनी संशोधन केलं होतंच, शिवाय विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या होत्या, आरे दूध प्रकल्पाला सल्ला दिला होता, ग्राहक चळवळीत भेसळीविरुद्ध काम केलं होतं. तोटा भाचीचा आहे. उद्या तिनं एखाद्या एन्झाइमवर काम करायचं ठरवलं तर आपण तिला बस मिळाली का तेवढंच विचारणार आहोत.

शेवटी झालेलं सांगते. सोमवारी संध्याकाळी भाची एकटीच आली. "आत्या, आई म्हणाली तू रागावलीस." मी म्हटलं, रागावले नाही, बस. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं. दोन वाट्या घेतल्या. एकीत कच्च्या बटाट्याची फोड, दुसरीत उकडलेल्या बटाट्याची. दोन्हींवर पेरॉक्साइड ओतलं. कच्च्यावर फसफसून फेस आला, उकडलेला ढिम्म. "असं का?" तिनं विचारलं. म्हटलं, तूच सांग. पाच मिनिटं विचार करून म्हणाली, "उकडल्यावर बटाट्यातलं काहीतरी मेलं." हे 'काहीतरी' म्हणजे कॅटलेज, सायटोक्रोम नव्हे, तेही सांगितलं. पण बटाट्यासारख्या मुकाट पडलेल्या वस्तूत काहीतरी चालू असतं आणि ते शोधता येतं, एवढं तिला त्या फेसात दिसलं. बाईंना केंब्रिजमध्ये दिसलं त्याच्या जवळपास.

जाताना म्हणाली, "जिल्हा फेरी आहे पुढच्या महिन्यात. भाषण बदलू का?" म्हटलं, रामन राहू देत, पण दोन ओळींत आटप. उरलेल्या वेळात वाल घे.

"वालावर बक्षीस मिळेल?"

बहुतेक नाही मिळणार, असं मी तिला खरं खरं सांगितलं. तरी ती वाटीभर वाल घेऊन गेली आहे, भिजवायला.

तुम्हीही एक करा. पुढच्या १८ जूनला तो निरोप आला की पुढे ढकलण्याआधी पाठवणाऱ्याला फक्त विचारा, बाईंनी शोधलं काय? भांडण होईल. होऊ दे. आणि घरात कोणी पोरगी काही शिकत असेल तर आज जेवताना तिला विचारा, तू तिथे करतेस काय. उत्तर कळलं नाही तर परत विचारा.